चाळीत हरलेला फ्रेझर

आमच्या चाळीत बॉक्सर जो फ्रेझर कधीच जिंकला नाही. महंमद अलीने त्याला धूळ चारली, हे लालबागच्या आमच्या गॅलरीत इतक्यांदा सांगून झालं होतं की त्यावर शंका घेणं म्हणजे महाराज आग्र्याहून खरंच सुटले का, असं विचारण्यासारखं होतं. प्रत्यक्षात ८ मार्च १९७१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हे दोघे पहिल्यांदा समोरासमोर आले, १५ फेऱ्या लढले आणि फ्रेझर जिंकला. तिघांनी गुण दिले, तिघांचाही कौल फ्रेझरलाच होता. शेवटच्या फेरीत अली पाठीवर आडवा झाला. हेवीवेट गटाचं जगज्जेतेपद फ्रेझरकडेच राहिलं.

तरीही आमच्याकडे तो हरला. आमच्याकडेच कशाला, जगात बहुतेक ठिकाणी तो हरला. पन्नासएक वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचा निकाल रिंगणात एक लागला आणि लोकांच्या तोंडी दुसराच, असं का झालं असावं, याचा विचार मी बरीच वर्षं करते आहे.

ही गोष्ट आमच्या घरात आणली भाऊकाकांनी. माझ्या वडिलांचे ते थोरले भाऊ, मालवणकडचे, बोटीवर इंजिनखात्यात नोकरीला. वर्षातले बरेच महिने पाण्यावर असायचे. घरी आले की रात्री जेवणं उरकल्यावर गॅलरीत चटई पडायची आणि आजूबाजूच्या खोल्यांतली माणसं गोळा व्हायची. बायका आत भांडी घासता घासता ऐकायच्या. मी लहान आणि हट्टी, म्हणून चटईच्या कडेला माझी जागा होती. बंदरांच्या, वादळांच्या, परक्या मुलखातल्या पावाच्या गोष्टी व्हायच्या, पण शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "भाऊ, अलीची होऊ द्या."

आणि भाऊकाका उभे राहायचे. ती गोष्ट बसून सांगण्यासारखी नव्हतीच. "तो फ्रेझर म्हणजे नुसतो रेडो. मान खाली घालता नि सरळ येता. आणि अली कसो? नाचता!" असं म्हणून ते गॅलरीच्या चिंचोळ्या जागेत अलीसारखे पाय नाचवायचे. पोरं टाळ्या पिटायची.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस असायचा, शेजारच्या खोलीतले तात्या. कराडकडचे, गिरणीत साच्यावर, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला. कान चुरगळलेले, मान आखूड. तात्यांना बॉक्सिंग ठाऊक नव्हतं, पण दोन माणसं झुंजतात तेव्हा काय होतं ते चांगलं ठाऊक होतं. भाऊकाका शेवटच्या फेरीपाशी आले आणि "अली पडलो, पण लगेच उठलो" असं म्हणाले की तात्या ठरलेला प्रश्न टाकायचे. "पाठ टेकली न्हवं? मग झालं की निकाल. पुढं उठून काय लेझीम खेळायचीय?"

सगळे हसायचे. तात्यांना बॉक्सिंग कळत नाही, असं म्हणून गोष्ट पुढे जायची.

त्या लढतीची बातमी मुंबईला थेट का पोचली नाही, याला कारण आहे. तो आठवडाच तसा होता. १ ते १० मार्च या काळात देशभर लोकसभेचं मतदान चाललेलं. इंदिरा गांधींचं पुढे काय होणार, याखेरीज दुसरा विषय नाही. ७ मार्चला ढाक्यात शेख मुजीब यांचं ते गाजलेलं भाषण झालेलं. आणि गिरणगावातल्या पोराटोरांचे कान होते पोर्ट ऑफ स्पेनकडे. तिथे अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजशी खेळत होता आणि सुनील गावसकर नावाचा मुंबईचा पोरगा पहिलीच कसोटी खेळत होता. त्याने ६५ आणि नाबाद ६७ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदाच हरवलं. या गर्दीत न्यूयॉर्कच्या बॉक्सिंगला विचारतो कोण? तिथली सोमवारची रात्र म्हणजे इथली मंगळवारची सकाळ. अली पाठीवर पडला तेव्हा तात्या पहिल्या पाळीला साच्यापुढे उभे असणार.

म्हणून गोष्ट आली ती काही महिन्यांनी, भाऊकाकांच्या पेटीतून. त्यांची बोट तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या एका बंदरात होती. लढत त्यांनी पाहिली नाही. ती पाहायची तर नाट्यगृहांत आणि क्रीडागृहांत मोठ्या पडद्यावर तिकीट काढून पाहावी लागे, आणि ते खलाशाच्या खिशाला परवडण्यासारखं नव्हतं. त्यांनी ती ऐकली दुसऱ्या दिवशी, धक्क्यावरच्या काळ्या हमालांकडून. घरात गमी झाल्यासारखे ते लोक बसले होते, असं भाऊकाका सांगायचे. त्या हमालांनी जी लढत सांगितली, तीच आमच्या गॅलरीत आली. इतिहास जेते लिहितात म्हणतात, पण ही गोष्ट आमच्यापर्यंत हरलेल्या बाजूच्या तोंडून आली आणि म्हणूनच ती इतकी रंगली.

ते हमाल अलीसाठी इतके का हळहळले, ते समजून घ्यायला हवं. केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचा कॅशियस क्ले. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, १९६४ मध्ये सनी लिस्टनला हरवून जगज्जेता, आणि लगेच इस्लामचा स्वीकार व नवं नाव. १९६७ च्या एप्रिलमध्ये सैन्यभरतीसाठी पुकारा झाला तेव्हा तो पुढे आला नाही. व्हिएतनामच्या युद्धात आपण जाणार नाही, असं त्याने उघड सांगितलं. त्याचं विजेतेपद काढून घेतलं गेलं, परवाने रद्द झाले, पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपिलामुळे तो तुरुंगाबाहेर राहिला, पण वयाची पंचविशी ते अठ्ठाविशी, बॉक्सरच्या आयुष्यातली सर्वांत भरातली साडेतीन वर्षं, त्याने रिंगणाबाहेर काढली. ऑक्टोबर १९७० मध्ये तो परतला तेव्हा युद्ध नको म्हणणाऱ्या तरुणांचा आणि सन्मान मागणाऱ्या काळ्या माणसांचा तो झेंडा झाला होता. झेंडा पडला की माणसं हळहळतातच.

पण समोर उभा होता तोही काळाच होता, आणि धक्क्यावरच्या त्या हमालांच्या जास्त जवळचा होता. आमच्या गोष्टीत हा भाग कधी आलाच नाही.

जो फ्रेझर जन्मला १९४४ च्या जानेवारीत, साउथ कॅरोलायनामधल्या ब्युफोर्टजवळ, जमीन कसणाऱ्या गरीब कुटुंबात, बारावं मूल म्हणून. वडिलांनी डावा हात गमावलेला. लहान जो त्यांच्याबरोबर शेतात जायचा आणि त्यांचा डावा हात होऊन राहायचा. एकदा मोठं डुक्कर मागे लागलं, पळताना पोरगं पडलं, डाव्या हाताला जबर मार बसला. डॉक्टरकडे न्यायला पैसे नव्हते. हात आपोआप भरून आला, पण पुन्हा कधी पुरता सरळ झाला नाही, कोपरात वाकलेलाच राहिला. त्याच वाकड्या हाताचा हुक पुढे बॉक्सिंगमधला सर्वांत भयंकर ठोसा ठरला.

कोवळ्या वयात तो उत्तरेला गेला आणि फिलाडेल्फियात कत्तलखान्यात कामाला लागला. शीतगृहात टांगलेल्या मांसाच्या धडांवर ठोसे मारून सराव करायचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला तो राखीव म्हणून निवडला गेला होता. ज्याने त्याला निवड चाचणीत हरवलं त्या बस्टर मॅथिसला दुखापत झाली म्हणून फ्रेझरला संधी मिळाली आणि त्याने सुवर्णपदक आणलं. अंतिम लढत तो डाव्या हाताचा अंगठा मोडलेला असताना खेळला. १९६८ मध्ये त्याने त्याच मॅथिसला हरवून न्यूयॉर्क राज्याची मान्यता असलेलं विजेतेपद घेतलं, फेब्रुवारी १९७० मध्ये जिमी एलिसला हरवून निर्विवाद जगज्जेता झाला.

अलीवर बंदी होती त्या काळात फ्रेझरने त्याच्यासाठी शब्द टाकला. अलीचं काढून घेतलेलं पद वाटायला जी स्पर्धा भरवली गेली, तिच्यात तो उतरला नाही. अलीला पुन्हा परवाना मिळावा म्हणून त्याने प्रयत्न केले आणि हात आखडला होता तेव्हा पैसेही दिले. यात त्याचाही स्वार्थ होता हे खरं. अलीला हरवल्याशिवाय आपल्याला कुणी खरा विजेता मानणार नाही, हे त्याला कळत होतं. पण स्वार्थ आणि चांगुलपणा एकाच माणसात राहू शकतात. तालमीतल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. जोड तगडी नसेल तर आपल्या पटक्याला किंमत नाही.

मग आली ती रात्र. दोघेही अपराजित. फ्रेझरच्या २६ पैकी २६, अलीच्या ३१ पैकी ३१. प्रत्येकाला २५ लाख डॉलर, त्या काळी कुणी ऐकली नव्हती अशी रक्कम. वीस हजारांहून अधिक माणसं गार्डनमध्ये, आणि रिंगणाच्या कडेला 'लाइफ' मासिकासाठी कॅमेरा घेऊन उभा होता खुद्द गायक फ्रँक सिनात्रा. लोकांचं लक्ष त्या लढतीकडे असणार, हे हेरून त्याच रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावात काही युद्धविरोधी माणसांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं आणि कागदपत्रं पळवली. सरकार आपल्याच नागरिकांवर कशी पाळत ठेवतं, हे त्या कागदांतून जगाला कळलं. फोडणारे कोण, हे २०१४ पर्यंत बाहेर आलं नाही. एका रिंगणातल्या दोन माणसांनी एक देश किती गुंतवून ठेवला होता, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

सुरुवातीच्या फेऱ्या अलीच्या होत्या. लांब डावा हात सटासट फ्रेझरच्या तोंडावर. फ्रेझर उंचीने कमी, हात आखूड. तो वाकून, डोकं डुलवत, ठोसे अंगावर घेत पुढे येत राहिला. अलीला वाटलं होतं हा दमेल. तो दमला नाही. मग अली दोरांना टेकून उभा राहू लागला, आणि फ्रेझरचा ठोसा बसला की प्रेक्षकांकडे पाहून मान हलवायचा, काही लागलं नाही अशी. ठोसे मात्र लागत होते. अकराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हुकने अलीचे पाय लटपटले. पंधराव्या फेरीत तो वाकडा हात कुठूनसा खालून आला आणि अलीच्या जबड्यावर बसला. अली पाठीवर पडला, पाय वर गेले. आणि क्षणात उठला. त्या ठोशानंतर माणूस उठतो, याचं रेफ्रीला आणि डॉक्टरांना पुढे कितीतरी वर्षं नवल वाटत राहिलं असेल.

निकाल फेऱ्यांवर होता. रेफ्री आर्थर मर्कांटे यांच्या हिशेबात फ्रेझरच्या ८ फेऱ्या, अलीच्या ६, एक बरोबरीत. एका पंचाने ९ विरुद्ध ६ दिले, दुसऱ्याने ११ विरुद्ध ४. कुठूनही मोजा, फ्रेझर. तात्यांच्या कायद्याने मोजलं तरी फ्रेझर, कारण पाठ टेकली होती.

इथून पुढे फ्रेझरची कमाई त्याच्या हातातून निसटू लागली. पुढच्याच महिन्यात साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने त्याला भाषणाला बोलावलं. यादवी युद्धानंतरचा पुनर्रचनेचा काळ संपल्यापासून त्या सभागृहापुढे बोललेला तो पहिला काळा माणूस. ज्या राज्यात त्याच्या बापाने दुसऱ्याच्या शेतात घाम गाळला, त्याच राज्यात. ही केवढी मोठी गोष्ट! पण ती कुणाच्या तोंडी राहिली नाही. लोकांच्या तोंडी राहिला तो जबडा सुजलेला अली, जो उठला. आणि २८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्याची शिक्षा रद्द केली तेव्हा तर तो हरला होता हेच लोक विसरले.

त्या पराभवाने अलीला जे दिलं ते एकतीस विजयांनी दिलं नव्हतं. तोवर तो बडबड्या, देखणा, पायांत वारा भरलेला. मार खाऊन उभा राहण्याची ताकद त्याच्यात आहे का, हे कुणी पाहिलं नव्हतं. ते फ्रेझरने दाखवून दिलं. ज्यांना अली आवडत नव्हता, त्यांनाही त्या रात्री त्याच्याबद्दल आदर वाटला. आणि विजयाने फ्रेझरला काय दिलं? लोकांच्या लाडक्याला पाडणारा, एवढीच ओळख. पुढे बरेच दिवस त्याला रुग्णालयात काढावे लागले. १९७२ मध्ये दोन सोप्या लढती झाल्या, आणि २२ जानेवारी १९७३ ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने दोन फेऱ्यांत त्याला सहा वेळा खाली पाडून विजेतेपद काढून घेतलं. अली साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर होता म्हणून १९७१ ला हरला, असं त्याचे चाहते म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्या रात्रीचा फ्रेझरही पुन्हा कुणाला दिसला नाही, हे त्याच वाक्याला जोडून सांगायला हवं.

ठोशांनी जे झालं नाही ते शब्दांनी केलं. पहिल्या लढतीच्या आधीच अली फ्रेझरला 'अंकल टॉम' म्हणू लागला होता, म्हणजे गोऱ्यांपुढे मान झुकवणारा काळा. ज्याने लहानपणापासून गोऱ्यांच्या शेतात आणि कत्तलखान्यात काम केलं त्याला हे. अली मध्यमवर्गीय घरात वाढला, फ्रेझर पराकोटीच्या गरिबीत. तरी काळ्यांचा माणूस कोण आणि गोऱ्यांचा कोण, हे अलीने ठरवलं आणि जगाने मान्य केलं. फ्रेझरच्या मुलांना शाळेत बोलणी खावी लागली. जानेवारी १९७४ मध्ये, दुसऱ्या लढतीच्या काही दिवस आधी, दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत अलीने त्याला अडाणी म्हटलं आणि दोघे तिथेच एकमेकांवर धावून गेले. दोघांना पाच-पाच हजार डॉलर दंड झाला. ती लढत, १२ फेऱ्यांची, अलीने गुणांवर जिंकली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला किन्शासात त्याने फोरमनला आठव्या फेरीत पाडलं आणि पुन्हा जगज्जेता झाला. तिसऱ्या लढतीच्या आधी मात्र त्याने हद्द केली. लढत मनिलात होणार होती, त्या नावाशी यमक जुळतं म्हणून फ्रेझरला गोरिला म्हटलं, रबराचा छोटा गोरिला खिशातून काढून पत्रकारांसमोर त्याला ठोसे मारले.

हा प्रसंग भाऊकाका फार झोकात करायचे. मूठ वळून काल्पनिक बाहुल्याला टपल्या मारायचे. आम्ही पोरं गडाबडा लोळायचो. एकदा आजी दाराशी येऊन उभी राहिली. पैशांचा भाग भाऊकाकांनीच आधी सांगितला होता, अलीची हुशारी म्हणून. आजीने तेवढाच धरला. "अडचणीत होतो तेवा जेणां पैशे दिल्यान, तेकाच माकड म्हणूक लाज नाय वाटली तुझ्या अलीक?"

भाऊकाका म्हणाले, "आये, ता तिकिटां खपवूसाठी."

"मगे तिकिटां खपली काय?" आजी म्हणाली. "आता तरी माफी मागल्यान?"

माफी २००१ मध्ये आली. 'न्यूयॉर्क टाइम्स'शी बोलताना अलीने मान्य केलं की रागाच्या भरात आपण जे बोललो ते बोलायला नको होतं, आणि ते लढतीचा बोलबाला व्हावा म्हणून होतं. भाऊकाकांचं आणि त्याचं उत्तर एकच. आजी तोवर राहिली नव्हती.

मनिला. १ ऑक्टोबर १९७५. क्वेझॉन सिटीतलं अरानेता कोलिझियम. फिलिपाइन्समध्ये मार्कोस यांचा लष्करी कायदा लागू होता आणि देशाचं नाव जगात झळकावं म्हणून त्यांनी ही लढत आपल्याकडे ओढून घेतली. अमेरिकेतल्या पडद्यांवर रात्री दिसावी म्हणून ती तिथे सकाळी झाली. आत माणसांची खच्चून गर्दी, पत्र्याखालचा उकाडा, दिव्यांचा ताप. पहिल्या फेऱ्या अलीच्या, मधल्या फ्रेझरच्या. दोरांपाशी उभ्या अलीच्या बरगड्यांवर आणि कमरेवर त्याने जे ठोसे दिले, ते आज चित्रफितीत पाहतानाही अंग आक्रसतं. बाराव्या फेरीपासून पारडं पुन्हा फिरलं. फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि तो त्याने वर्षानुवर्षं लपवला, हे त्याने आत्मचरित्रात नंतर सांगितलं. म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता. तो तरीही पुढे जात होता.

चौदावी फेरी संपली. फ्रेझर कोपऱ्यात येऊन बसला. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझर विनवत राहिला, उठू लागला. फच यांनी त्याला खांद्याला धरून बसवलं. त्यांनी आयुष्यात रिंगणात मेलेली माणसं पाहिली होती. एक फेरी बाकी होती, तीन मिनिटं. पलीकडे अली उठून उभा राहिला आणि लगेच खाली कोसळला. मरणाच्या जवळ जाऊन आलो, असं तो पुढे म्हणाला. त्याच्याही कोपऱ्यात लढत सोडण्याचं बोलणं चाललं होतं, अशी कथा आहे, आणि त्यावर आजही वाद घातले जातात. फ्रेझरच्या बाजूचे लोक म्हणतात, आणखी एक फेरी मिळती तर तो जिंकला असता. मला ते पटत नाही. तिन्ही गुणपत्रिकांत अली बराच पुढे होता आणि फ्रेझर आंधळा झाला होता. ती लढत अलीचीच. फ्रेझरला न्याय द्यायचा म्हणून अलीचा विजय हिरावून घ्यायची गरज नाही.

मनिलाची गोष्ट आमच्या गॅलरीत सांगताना भाऊकाका शेवटी दोन्ही हात वर करायचे. अली जिंकला. तात्या इथेही टाळ्या वाजवायचे नाहीत. ते म्हणायचे, "वस्तादानं पोरगं वाचिवलं. अशा वस्तादाचं नाव काय म्हनला?" भाऊकाकांना ते नाव आठवत नसे. ते नाव एडी फच. लाल मातीत जन्म काढलेल्या तात्यांना, लढत न पाहता, त्यातला सर्वांत शहाणा माणूस कोण ते कळलं होतं. आपला चेला हरला असं जाहीर करणं, त्याच्या शिव्या खाणं, आणि त्याला त्याच्या पोराबाळांकडे जिवंत पाठवणं. कुस्तीत तरी याला हार म्हणत नाहीत.

तात्यांच्या या कलाला आणखी एक कारण असावं. ते कराडकडचे. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाने वर्गणी काढून पाठवलं होतं, परतल्यावर बैलगाड्यांतून मिरवलं होतं. पुढे खाशाबा पोलिसात नोकरी करत राहिले आणि देश त्यांना विसरला. १९८४ मध्ये ते अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. जिंकूनही नाव राहत नाही, हे तात्यांनी घरच्या मातीत पाहिलं होतं. त्यांना फ्रेझर कळायला इंग्रजी यायची गरज नव्हती.

पुढची वर्षं दोघांनाही जड गेली. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सनचं निदान झालं. ज्याच्या जिभेने जग हलवलं त्याचा आवाज गेला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये थरथरत्या हाताने त्याने ज्योत पेटवली तेव्हा जगाचे डोळे भरून आले. फ्रेझर मात्र म्हणाला की त्याला त्या आगीत ढकलून द्यायला मला आवडलं असतं. हे ऐकून लोक फ्रेझरवर संतापले. वीस वर्षं गोरिला म्हणवून घेतल्यावर माणूस काय बोलेल, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. २००१ मध्ये मार्क क्रॅम या क्रीडालेखकाने मनिलाच्या लढतीवर पुस्तक लिहून अलीची ही बाजू लोकांपुढे ठेवली. त्याच वर्षी दोघांच्या मुली, लैला अली आणि जॅकी फ्रेझर-लाइड, रिंगणात समोरासमोर आल्या. तिथेही अलीच जिंकली.

फ्रेझर फिलाडेल्फियात आपल्या व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत राहायचा, पोरांना शिकवायचा. त्याच शहरात कलासंग्रहालयाजवळ बॉक्सरचा पुतळा पाहायला जगभरची माणसं येतात. तो पुतळा रॉकीचा, सिनेमातल्या खोट्या बॉक्सरचा. टांगलेल्या मांसावर ठोसे मारण्याचा प्रसंग त्या सिनेमाने घेतला तो फ्रेझरच्या आयुष्यातून. खऱ्या फ्रेझरचा पुतळा त्या शहरात उभा राहिला २०१५ मध्ये. तो ७ नोव्हेंबर २०११ ला यकृताच्या कर्करोगाने गेला होता. अंत्यविधीला अली आला होता, आजारी, गप्प. २०१६ च्या जूनमध्ये तोही गेला.

भाऊकाकांच्या गोष्टीने आम्हाला अली दिला, आणि तो देण्यासारखाच होता. सत्तेपुढे मान न झुकवता आपल्या उमेदीची वर्षं पणाला लावणारा माणूस मोठाच. पण तो मोठा कुणाच्या अंगावर उभा राहून झाला, हेही त्याच गोष्टीत यायला हवं होतं. १९७१ च्या फ्रेझरविना अलीची सहनशक्ती कुणाला कळली नसती, मनिलाच्या फ्रेझरविना त्याची जिद्द. आणि अलीच्या नावावर जे कायमचं उणं लिहायला हवं, ते एका उपकारकर्त्या माणसाची केलेली जाहीर विटंबना. व्हिएतनामबाबतचं त्याचं धैर्य ते उणं पुसून टाकत नाही, आणि ते उणं त्या धैर्याला कमी करत नाही. दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर राहू द्यावीत.

तुमच्या घरातही अशी एखादी लढत कुणी वडीलधाऱ्याने सांगितली असेल. त्या रात्रीची चित्रफीत आज सहज मिळते. मुलाखती आणि यमकं सोडून द्या, फक्त त्या १५ फेऱ्या पाहा आणि तात्यांचा प्रश्न मनात ठेवा. जो फ्रेझर व्यावसायिक रिंगणात ३७ लढती लढला. त्यातल्या ३२ जिंकला, एक बरोबरीत सुटली आणि चार हरला. त्या चारही लढतींत त्याला हरवणारी माणसं दोनच होती, अली आणि फोरमन. आणि ८ मार्च १९७१ ला तो जिंकला होता.